प्राण्याच्या छळाची तक्रार: दंड ५० रुपये, तरी प्रकरण कसं उभं करायचं

प्रश्न असा आहे: शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर एक कुत्रा जेमतेम दोन फुटांच्या साखळीला कायम बांधलेला असतो. ऊन-पावसाला आडोसा नाही, मानेवर जखम दिसते. पोलीस ठाण्यात गेल्यावर 'हे अदखलपात्र आहे आणि दंड पन्नासच रुपये' असं सांगून परत पाठवलं. मग या कायद्याचा उपयोग काय, आणि तक्रार करायची तर नेमकी कशी?

ठाण्यात सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावरून 'काही होत नाही' असं समजणं मात्र चूक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० (बोलण्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा) याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपये खिशाला जाणवत होते, आज ती थट्टा आहे. पण त्याच कायद्यात जनावर ताब्यात घेऊन तपासायला नेणं, उपचारासाठी दुसरीकडे ठेवणं, त्याचा खर्च मालकाकडून वसूल करणं, जनावर सरकारजमा करणं आणि पुढे जनावर पाळायलाच मनाई करणं, हे सगळं आहे. आरोपीला झोंबतं ते हे. म्हणून तक्रारीत 'कडक शिक्षा करा' यापेक्षा 'जनावर तिथून हलवा' ही मागणी आधी यायला हवी. शिक्षेवर भर देऊन लिहिलेली तक्रार शेवटी ५० रुपयांचीच होते.

कलम ११ ची अक्षरं

'कलम ११ खाली कारवाई करा' एवढंच लिहिलेली तक्रार निम्मी वाया गेलेली असते. ११(१) मध्ये ए पासून ओ पर्यंत पोटकलमं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. मारणं, लाथा घालणं, अति ओझं लादणं, अति पळवणं हे 'ए'. वयामुळे, आजारामुळे किंवा जखमेमुळे कामाला नालायक झालेलं जनावर जुंपणं 'बी'. वाहनातून हाल होतील असं नेणं 'डी'. उभं राहता, वळता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं 'ई'. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं 'एफ'. सतत बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवायला न नेणं 'जी'. मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं 'एच'. उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं 'आय'.

तुमच्या प्रकरणात एफ, जी, एच ही तीन सरळ लागतात. मानेवरच्या जखमेवर उपचार न करण्यासाठी वेगळं अक्षर नाही. पण 'ए' च्या शेवटी 'किंवा अन्य प्रकारे अनावश्यक वेदना होतील असं वागवणं' अशा आशयाचे शब्द आहेत, त्यात ती बसते. कलम ३ (जनावर सांभाळणाऱ्याने त्याची नीट काळजी घेण्याचं कर्तव्य) जरूर लिहावं, मात्र ते मोडल्याबद्दल कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही, त्यामुळे एकट्या कलम ३ वर खटला उभा राहत नाही.

जी आणि एच ही दोन्ही 'मालक असताना' अशा शब्दांनी सुरू होतात. इथे ठरलेला बचाव येतो: कुत्रा माझा नाही, वॉचमनचा आहे, भावाचा आहे, तो परगावी असतो. त्याला उत्तर व्याख्येतच आहे. कलम २ प्रमाणे जनावर ज्याच्या ताब्यात आहे तोही 'मालक', मग मूळ मालकाची संमती असो वा नसो. म्हणून तक्रारीत 'मालक अमुक' एवढ्यावर न थांबता 'मालक व प्रत्यक्ष ताबेदार' असं लिहावं. महापालिकेचा श्वान परवाना किंवा रेबीज लसीचं कार्ड कोणाच्या नावावर आहे हे कळलं तर फारच उत्तम.

दखलपात्र की अदखलपात्र

कलम ३१ प्रमाणे या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे त्यांत पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात: ११(१) मधली एल, एन, ओ ही तीन पोटकलमं आणि कलम १२. 'एल' म्हणजे जनावराचा अवयव तोडणं, त्याला विकल करणं किंवा अनावश्यक क्रूर पद्धतीने ठार मारणं. भटके कुत्रे यात नाव घेऊन समाविष्ट आहेत. 'एन' म्हणजे झुंजी भरवणं, त्यासाठी जागा देणं, प्रवेशाचे पैसे घेणं. 'ओ' म्हणजे कोंडून ठेवलेले प्राणी-पक्षी सोडून त्यांच्यावर नेमबाजी. कलम १२ फुक्याबद्दल (दूध काढण्यासाठी दुभत्या जनावराच्या जननमार्गात हवा किंवा पदार्थ घालणं) आणि दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देण्याबद्दल आहे. त्याला १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा.

इथली एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जनावरांना एकमेकांवर घालणारा 'एम' खाली येतो आणि तो गुन्हा अदखलपात्र. झुंजीचा फड भरवणारा 'एन' खाली येतो आणि तो दखलपात्र. रेड्यांची टक्कर किंवा कोंबड्यांची झुंज याबद्दल तक्रार करताना फक्त 'झुंज लावली' असं लिहिलं तर पोलिसांचे हात बांधले जातात. जागा कोणाची, पैसे कोण गोळा करत होतं, माईकवर कोण होतं, हे लिहिलं की तेच प्रकरण दखलपात्र होतं.

दुसरं हत्यार म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. जनावराला मारणं, विष घालणं, विकल किंवा निकामी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र. जुन्या दंड संहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती आणि जनावराची किंमत १० रुपये की ५० रुपये हे पाहावं लागायचं. १ जुलै २०२४ पासून तो हिशेब संपला. अडचण एक उरली आहे. हा गुन्हा 'आगळीक' या प्रकारात मोडतो आणि आगळिकीच्या व्याख्येत कोणाचं तरी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. भटक्या कुत्र्याला विष घातलं तर बचाव पक्ष विचारतोच, नुकसान कोणाचं झालं? म्हणून अशा प्रकरणात ३२५ च्या जोडीला 'एल' कायम लावून घ्यावं, म्हणजे एक गळालं तरी दुसरं टिकतं.

एका प्रकरणात दोन गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. मात्र केवळ यासाठी ओढूनताणून 'एल' चिकटवू नये. साखळीने मान सोलवटली म्हणजे विकल केलं असं होत नाही. न्यायालयात ते पोटकलम पडतं आणि पडताना बाकीच्या तक्रारीचीही विश्वासार्हता घेऊन जातं. साखळी मांसात रुतून अवयव कायमचा निकामी झाला असेल आणि पशुवैद्यक तसं लेखी देत असेल, तर गोष्ट वेगळी. आणखी एक: ३२५ ची कमाल शिक्षा तीन ते सात वर्षांच्या पट्ट्यात येते, त्यामुळे त्याच संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीने पोलीस १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. 'चौकशी चालू आहे' हे उत्तर आलं तर ती कोणत्या तारखेला सुरू झाली ते लेखी विचारा आणि १४ दिवस मोजा.

आता तुमच्यासारखं निखळ अदखलपात्र प्रकरण. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून तिची प्रत घ्यावी. तपास हवा असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो कलम १७४(२) खाली मागता येतो. नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम २२३ खाली थेट खाजगी फिर्याद. त्यासाठी जनावराशी तुमचं कसलंही नातं असण्याची गरज नाही. नव्या संहितेत दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणजे नोटीस जाते, आणि तेवढ्या दिवसांत कुत्रा गायब होतो. म्हणून ताब्याची हालचाल त्याआधी.

ती हालचाल १९६० च्या कायद्याच्या कलम ३४ खाली. पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, या कायद्याखालचा कोणताही गुन्हा होतोय असं वाटण्यास कारण असेल तर जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे नेऊ शकतो. इथे दखलपात्र-अदखलपात्र असा भेद नाही. ठाण्यात वाद घालायचा तर या एका मुद्द्यावर घालावा, आणि तोंडी नव्हे तर अर्जात कलम लिहून. घर बंद असेल, आत घेतच नसतील, तर कलम ३३: लेखी माहितीवरून दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक झडतीचं वॉरंट देऊ शकतात.

तुम्ही स्वतः मात्र गच्चीवर चढून कुत्रा सोडवून आणू नका. हेतू कितीही चांगला असला तरी चोरी आणि घरात बेकायदा शिरल्याची उलट तक्रार होते, आणि मग दोन्ही तक्रारी 'आपसांत मिटवा' या टेबलावर जाऊन पडतात. रस्त्यावरचं बेवारस जखमी जनावर उचलून दवाखान्यात नेण्याला ही अडचण नाही.

तीन महिन्यांची मुदत

कलम ३६: गुन्हा घडल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटले की या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. सर्वाधिक प्रकरणं इथे मरतात, आणि तीही शांतपणे. एनसी नोंदवली म्हणजे खटला सुरू झाला असं नव्हे. अर्ज, स्मरणपत्र, आयुक्तांना भेट, पुन्हा स्मरणपत्र यात ८०-८५ दिवस सहज जातात. मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि ६० दिवसांत पोलिसांकडून काही झालं नसेल तर खाजगी फिर्यादीची कागदपत्रं वकिलाकडे द्यावीत. बांधून ठेवण्यासारखा प्रकार रोज चालू असेल तर तक्रारीत 'गेली दोन वर्षे' असं मोघम न लिहिता, ज्या ज्या दिवशी पाहिलं त्या तारखा आणि सर्वांत अलीकडची तारीख द्यावी. ३२५ च्या गुन्ह्याला ही तीन महिन्यांची मुदत नाही.

अर्जाचा गाभा एवढाच पुरतो:

'दि. अमुक रोजी सकाळी ७.१० वाजता व दि. तमुक रोजी दुपारी २.३० वाजता सदर गच्चीवर अंदाजे तीन वर्षे वयाचा तपकिरी कुत्रा सुमारे दोन फूट लांबीच्या लोखंडी साखळीने पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलेला आढळला. पाण्याचे भांडे नव्हते. सावली अथवा छप्पर नव्हते. मानेच्या डाव्या बाजूस उघडी जखम होती. हे कृत्य सदर अधिनियमाच्या कलम ११(१)(ए), (एफ), (जी) व (एच) खाली गुन्हा आहे. कलम ३४ अन्वये कुत्रा ताब्यात घेऊन शासकीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करावी व कलम ३५ अन्वये उपचारार्थ ठेवण्याबाबत न्यायालयास विनंती करावी. दोष सिद्ध झाल्यास कलम २९ अन्वये आदेश होण्याची विनंती करण्याचा माझा इरादा आहे.'

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. कलम २९ प्रमाणे न्यायालय जनावर सरकारजमा करू शकतं आणि दोषी व्यक्तीला कायमची किंवा ठरावीक काळ जनावर ठेवण्यास मनाई करू शकतं. पण मनाईचा आदेश हवा असेल तर तसा इरादा मूळ तक्रारीतच नमूद असावा लागतो, आणि त्या भागात ते जनावर ठेवायला परवाना लागत असला पाहिजे. महापालिका हद्दीत जिथे कुत्र्याला परवाना सक्तीचा आहे तिथे ही अट पुरी होते. जनावर सरकारजमा करण्यासाठीही आधीची शिक्षा, मालकाची वर्तणूक किंवा जनावराला दिलेली वागणूक यावरून 'परत दिलं तर पुन्हा छळ होईल' हे पुराव्याने दाखवावं लागतं. तक्रारीतून हे एक वाक्य निसटलं तर दोन वर्षांनी निकालाच्या दिवशी ते आठवून काही हाती लागत नाही.

प्रती कोणाला? जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, आणि जिल्हाधिकारी, कारण जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीचे ते अध्यक्ष असतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला ईमेल केला तर ते जिल्ह्याला पत्र पाठवतात. ते पत्र तपासाची जागा घेत नाही, पण फाइल हलते. पिंजऱ्यातला पोपट, कासव, मुंगूस असं काही असेल तर हा रस्ताच सोडा. तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा विषय आहे, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

पुरावा

फोटो हवेतच, पण कसे? एक लांबून, ज्यात घर ओळखू येईल. एक मधल्या अंतरावरून, ज्यात साखळी कुठे बांधली आहे ते दिसेल. एक जवळून, जखमेचा. जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी किंवा निदान नाणं धरता आलं तर उत्तम, म्हणजे आकार कळतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी काढा. एका दुपारचा फोटो 'आत्ताच बांधला होता' या एका वाक्यात पडतो. चार दिवसांच्या सकाळ-दुपार-रात्रीच्या आठ फोटोंपुढे ते वाक्य चालत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतली तारीख-वेळेची अंतर्गत माहिती गळून जाते, त्यामुळे ज्या फोनमध्ये मूळ फाइल आहे तो फोन जपावा, विकू नये, रीसेट करू नये. न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोटो काढणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. फक्त पहिला भाग जोडून मोकळं होणं ही हल्लीची नेहमीची चूक.

खरं वजन असतं पशुवैद्यकाच्या अहवालाला. 'जनावर अशक्त आहे' या वाक्याची किंमत शून्य. अहवालात वजन, शरीराची स्थिती गुणांकात, त्वचेची चिमट सोडल्यावर किती वेळाने पूर्ववत होते, जखमेची लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही अवस्था यायला किती काळ लागला असावा याचं मत हवं. जखमेत अळ्या असतील तर दुर्लक्ष निदान काही तासांचं नव्हे हे उघड होतं. खूर किंवा नखं वाढून वाकली असतील तर काळ महिन्यांचा. गळपट्टा मांसात रुतला असेल तर तो कापून काढण्याआधी फोटो आणि काढल्यावर तो गळपट्टा मुद्देमाल म्हणून सीलबंद. बरेच डॉक्टर आधी उपचार करतात आणि मग अहवाल लिहितात. माणुसकी म्हणून ठीक, पण जखम धुण्याआधी दोन मिनिटं फोटोला द्यायला सांगा.

विषबाधेचा संशय असेल तर घाई हवी. मृत जनावर बर्फात ठेवा, डीप फ्रीझरमध्ये गोठवू नका, कारण गोठल्यावर पेशींची तपासणी बिघडते. शवविच्छेदन शासकीय पशुवैद्यकाकडून पोलिसांच्या पत्रावरच व्हावं. जठर आतल्या पदार्थासह, यकृताचा आणि मूत्रपिंडाचा भाग वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. संपृक्त म्हणजे तळाशी मीठ न विरघळता उरेपर्यंत घातलेलं. बरणी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळा द्यावा. फॉर्मलिन वापरलं की विषाच्या तपासणीसाठी तो नमुना बाद. फॉर्मलिन फक्त ऊतींच्या सूक्ष्म तपासणीच्या तुकड्यांसाठी. नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, आणि सील तुटलेलं, लेबलवर गुन्हा क्रमांक नसलेलं पार्सल तिथून परत येतं. आसपास पडलेलं खाद्य, पुडी, उलटी हेही पंचनाम्यात घ्यायला लावा. जप्ती आणि झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. पंच नंतर फितूर झाले तर ते चित्रीकरणच कामी येतं.

जनावर कोणाकडे राहणार

जप्त जनावर हा कायद्याच्या भाषेत मुद्देमाल, पण तो रोज खातो. आरोपीचा वकील पहिल्याच आठवड्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली सुपुर्दनाम्यावर (न्यायालय सांगेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर) जनावर परत मागतो. त्या सुनावणीला तुमच्या बाजूने कोणी हजर नसेल तर जनावर परत जातं आणि खटल्यात अर्थ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका पिंजरापोळाच्या प्रकरणात निकष घालून दिले आहेत: गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य, मालकाचा पहिलाच गुन्हा आहे की आधी शिक्षा झाली आहे, जप्तीच्या वेळी जनावराची अवस्था, आणि पुन्हा छळ होण्याची शक्यता. पहिलाच गुन्हा असेल तर मालकाचं पारडं जड, असंही त्यात आहे. त्यामुळे 'पिंजरापोळाला आपोआप मिळतं' या भ्रमात राहू नये. अवस्था आणि शक्यता या दोन निकषांवर भर द्यायचा, आणि तो देता येतो केवळ वर सांगितलेल्या अहवालाच्या जोरावर.

त्यानंतर आले २०१७ चे मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे नियम. खटला चालू असेपर्यंत जनावर पिंजरापोळ, गोशाळा, प्राणी क्लेश सोसायटी किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवण्याचा आदेश त्याखाली मागता येतो. जप्तीनंतर आरोग्य तपासणी आणि ओळखखूण (कानातला बिल्ला किंवा चिप) करणं अपेक्षित आहे; डाग देऊन खूण करायला बंदी आहे. ही खूण टाळली की पुढे 'हे ते जनावरच नव्हे' असा वाद होतो. देखभालीच्या खर्चाचा बोजा आरोपीवर टाकता येतो आणि त्यासाठी बंधपत्र मागता येतं. वाहतुकीच्या प्रकरणात गाडीमालकही त्यात ओढला जातो. संस्थेने पहिल्या दिवसापासून चारा, औषध, मजुरीची बिलं तारीखवार ठेवावीत. महिनाअखेर अंदाजे काढलेला आकडा न्यायालय मानत नाही.

वाहतूक आणि ओझं: आकड्यांची प्रकरणं

इथे 'क्रूरता झाली का' यावर फारसा वाद होत नाही, मोजमाप केलं की झालं. वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत, तळाला घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, गाडीत दुसरा माल नको, सोबत एक माणूस हवा आणि प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-ई प्रमाणे प्रत्येक गुराला २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा लागते. गाडी अडवल्यावर पोलिसांनी हौद्याची आतली लांबी-रुंदी टेपने मोजून पंचनाम्यात लिहिली तर प्रकरण उभं राहतं. 'दाटीवाटीने कोंबलेली' एवढंच लिहिलं तर नाही. पायी नेताना गाईंना दिवसाला ३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि सूर्यास्तानंतर चालवायला मनाई.

महाराष्ट्रात अशा फिर्यादीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११९ आणि गोवंश हत्याबंदीचा कायदा एकत्र घातलेला दिसतो. दोन्ही कायद्यांचा उद्देश वेगळा आहे. जनावर कुठे चाललं होतं हा गोवंश हत्याबंदीचा प्रश्न, कसं चाललं होतं हा कलम ११९ चा. फिर्यादीत 'कुठे' यावर सगळी शाई खर्च होते आणि 'कसं' याचं मोजमाप राहून जातं. 'कुठे' सिद्ध झालं नाही की दोन्ही पडतात.

ओझ्याबद्दल १९६५ चे नियम आहेत. पाठीवर गाढवाला ५० किलो, तट्टाला ७० किलो, खेचराला २०० किलो. बैलगाडीचा भार बैलाच्या आकारावर आणि चाकांच्या प्रकारावर ठरतो. चढ एक किलोमीटर किंवा अधिक आणि ३० मीटरला ३ मीटरपेक्षा तीव्र असेल तर तो निम्मा. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ अजिबात नको. अणकुचीदार काठी किंवा जुवाला खिळे नकोत. उसाच्या हंगामात हे सगळं रोज मोडतं आणि पुरावा साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवर छापलेला असतो. तिचा फोटो हा बैलाच्या फोटोइतकाच महत्त्वाचा, तरी तो जोडल्याचं क्वचितच दिसतं.

बैलगाडा शर्यतीचं गणित निराळं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे शर्यत हा आता आपोआप गुन्हा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय किंवा अटी मोडून भरवलेली शर्यत हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड अशी आहे. तक्रारीआधी परवानगीपत्राची प्रत मिळवा आणि कोणती अट मोडली ते लिहा. 'शर्यतच क्रूर आहे' हा युक्तिवाद घटनापीठानंतर ठाण्यात चालणार नाही.

कायद्यात भोकंही आहेत. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मध्ये प्राण्याशी लैंगिक कृत्य हा गुन्हा होता. न्याय संहितेत ते कलम आलंच नाही. अशा प्रकरणात हल्ली इजा दाखवून 'ए', 'एल' किंवा ३२५ यांचा आधार घ्यावा लागतो, त्यामुळे वैद्यकीय अहवालात इजेची नोंद असणं निर्णायक ठरतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने १९६० च्या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता, त्यात या कृत्यासह 'निर्घृण क्रूरता' असा वेगळा वर्ग आणि जास्त शिक्षा सुचवली होती. मसुद्यातली कलमं फिर्यादीत घालू नयेत. समाजमाध्यमांवर ती 'नवा कायदा' म्हणून फिरतात आणि अर्जात आली की ठाण्यात हसं होतं.

आणि पहिल्या खटल्याचा निकाल काहीही लागला, आरोपीने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून ५० रुपये भरले तरीही, निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. दुसऱ्या गुन्ह्याची कैद आणि कलम २९ चा आदेश मागताना आधीची शिक्षा कागदावर दाखवावी लागते. ती प्रत नसेल तर तीन वर्षांच्या आतला दुसरा गुन्हाही न्यायालयापुढे पहिलाच म्हणून येतो.